चोविसावा पत्रा

"पाटी केवढी असंल?" मी विचारलं.

विश्वंभरअण्णा गरडांनी दोन्ही हात पसरून दाखवले. तेवढं कमी वाटलं असावं, म्हणून एक पाऊल मागे सरकून आणखी पसरले. "दारावरच लावू. काळ्या दगडाची, सोनेरी अक्षरांची. 'कै. दौलतराव गरड महिला उद्योग भवन.' पत्रे, लोखंड, मजुरी, सगळं माझ्याकडं लागलं. तुम्ही बायांनी एक रुपया काढू नका."

अण्णा बोलत होते आणि त्यांच्या डोक्यावर स्वच्छ निळं आभाळ दिसत होतं. उभे मात्र आम्ही शेडच्या आत होतो. आदल्या दुपारी करडगावावर गारा पडल्या होत्या. गावातली माणसं नेहमी लिंबाएवढ्या गारा म्हणतात, पण या चांगल्या कैरीएवढ्या होत्या. आमच्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे पापड मोडावेत तसे मोडून खाली आले होते. शेवयांच्या मशीनवर तुकडे, उडदाच्या डाळीत तुकडे, भिजलेली पोती, आणि पायाखाली नुसता चिखल.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. त्या वेळी आमच्या बचत गटाची मी अध्यक्ष होते. गटात बारा बाया. पंचायतीनं ठराव करून दिलेल्या जागेवर आम्ही त्याच्या चार वर्षं आधी ही शेड उभी केली होती. होळीपासून आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिथे शेवया, पापड, कुरडया व्हायच्या. त्या दीड महिन्याच्या कमाईवर कुणाच्या मुलीची फी, कुणाच्या नवऱ्याचं औषध वर्षभर चालायचं. होळी पंधरा दिवसांवर आली होती आणि आमच्या डोक्यावर छप्पर नव्हतं.

"विचार करून सांगते, अण्णा," मी म्हणाले.

"ह्यात विचार काय करायचाय, नंदा?" अण्णा हसले. "आयतं मिळायलंय. देवानं तोंडात घास घातल्यावर चावायचं की न्हाई, ह्याचा विचार करायली का तू?"

ते गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग आम्ही बाराजणी एकदम बोलायला लागलो.

कुशावर्ताकाकू गटात सगळ्यांत मोठी. तिनं सरळ सांगितलं, "नाव त्याच्या बापाचं, छत आपलं. पाटी काय आपल्याला खायला उठती का? हो म्हणून टाक."

"काकू, ष्ट्यांडावरची पाणपोई आठवते का?" मी विचारलं.

ती पाणपोई गावात कुणी विसरलेलं नव्हतं. दौलतरावांच्या नावानं गरडांनी बांधली. पहिल्या उन्हाळ्यात माठ, दुसऱ्या उन्हाळ्यात माठाशेजारी खताची चार पोती, तिसऱ्या उन्हाळ्यात पुढून शटर. आता तिथे गरडांचं खतांचं दुकान होतं. पाटी अजून तीच होती, 'कै. दौलतराव गरड यांच्या स्मरणार्थ पाणपोई', आणि आत गेलं की युरियाचा वास यायचा.

"पाटी एकदा लागली की शेड गरडांची," मी म्हणाले. "आज म्हणतील भवन. उद्या म्हणतील, दोन दिवस सोयाबीन ठेवायचंय, बाया जरा सरकून बसा. परवा आपण बाहेर."

"मग पैसे कुठून आणायचे ते सांग," काकू म्हणाली. तिचंही खरंच होतं.

वेल्डिंगवाल्या उमाकांतला दुपारी बोलावून घेतलं. तो टेप घेऊन आला, लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडायला बसला. गटाच्या खात्यावर किती आहेत हे त्यानं आधी विचारून घेतलं. तो धंदा ओळखून होता.

"तीन भाव सांगतो," उमाकांत म्हणाला. "पुन्हा सिमेंटचेच घेतले तर सगळ्यांत स्वस्त. पातळ टीन घेतलं तर मधलं. आणि हा जाड पत्रा. एक पत्रा पंधराशेला पडतोय. छपराच्या दोन्ही पाख्यांना मिळून चोवीस लागतील. खालचं लोखंड, हुक आणि मजुरी वेगळी."

"गारा पडल्यावर कोणता टिकंल, ते आधी सांग," रजियाभाभी म्हणाली.

रजियाभाभी आमची खजिनदार. पापडाचं पीठ आणि माणूस, दोन्ही तिला हाताला लागलं की कळायचं.

"सिमेंटाचं तर तुम्ही बघितलंच. पातळ टीनला भोकं पडतील. जाड पत्र्याला पोचे येतील, पण फाटणार न्हाई. पण ताई, लोकं काय करतात, आता सिमेंटाचं टाकतात आणि पुढचं पुढं बघतात."

"आम्ही पण मागच्या वेळी तेच केलं होतं," मी म्हणाले. सिमेंटचा पत्रा थंड राहतो, पापड कडक होत नाहीत, असं म्हणत आम्ही स्वतःचीच समजूत घातली होती. खरं कारण स्वस्ताई. ती स्वस्ताई आता आमच्याच डाळीतून वेचून काढायची वेळ आली होती.

"स्वस्तातलं घेतलं तर दर फाल्गुनात घ्यावं लागंल," भाभी म्हणाली. "जाडच लिव्ह."

गटाच्या खात्यात एकोणीस हजार होते. त्यात लोखंड, हुक आणि मजुरी कशीबशी बसत होती. चोवीस पत्र्यांचे छत्तीस हजार कुठून आणायचे, तेवढा एकच प्रश्न उरला. बँकेचा साहेब म्हणाला होता, मार्च सरू द्या. मार्च सरल्यावर आम्ही काय, कैऱ्यांचं लोणचं घालणार होतो?

भाभी वर आभाळाकडे बघत बसली होती. मग एकदम हसायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मारुतीच्या देवळात बघ. पंख्यावर नाव, घड्याळावर नाव, घंटेवर नाव. एक माणूस पंखा देतो आणि पात्यावर बापाचं नाव लिवतो. फिरायला लागला की वाचता पण येत न्हाई, तरी लिवतो. मग पत्र्यावर कामून लिवायचं न्हाई?"

मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. पुढचं मी बोलले. "एक पत्रा, एक नाव. आतल्या बाजूनं लिहायचं. आणि नाव बाईचंच."

"आणि एका बाईला एकच," भाभीनं जोडलं. "कुणाला दोन द्यायचे न्हाईत. न्हाईतर आपल्यातच एक गरड तयार व्हायचा."

बारा पत्रे आमचे आम्हीच घेतले. कुणी जोडवी मोडली, कुणी बकरी विकली, माझे मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते असे, "माझ्या नावानं पण एक घे. लोकांनी वाचलं तर बरं दिसंल."

"तुम्ही बाई आहात का?" मी विचारलं.

"मग?"

"आईच्या नावानं घ्या."

त्यांनी घेतला. सासूबाईंना कळल्यावर त्यांनी अट घातली की पत्रा मशीनच्या वर बसला पाहिजे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आधी त्यांच्या नावावर पडेल. शाळेच्या हेडमास्तरांना स्वतःचं नाव लिहून हवं होतं, 'गुरुजी' लावून. त्यांना सांगितलं, नियम नियम आहे. त्यांनी जरा वेळ चष्मा पुसला आणि आईच्या नावानं दिले. गावात दोन दिवस तोच विषय. सुना सासवांना विचारत होत्या, तुमचं माहेरचं नाव काय होतं. घरोघरी अशी विचारपूस चालली होती, मला फार मजा वाटत होती. पाच दिवसांत चोवीस नावं लागली.

आणि मग अण्णांना कळलं.

अण्णांच्या दूध डेअरीवर निम्मं गाव दूध घालायचं. कुणाला काही बोलले नाहीत. नुसतं एक-दोघांना विचारलं, "तुमच्या घरी पत्रे वाटायला लईच पैसे झालेत वाटतं. मग या पंधरवड्याचा दुधाचा चुकारा जरा पुढं ढकलतो." दुसऱ्या दिवशी दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. पैसे परत मागताना त्यांना माझ्याकडे बघता येईना. मी पैसे दिले. वाईट मला त्यांच्याबद्दल वाटलं नाही. राग आला तो अण्णांचा, आणि तो इतका आला की त्या दिवशी मी तीन घरं पालथी घातली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक पत्रा घेतला. तेवीस झाले. चोविसावा काही केल्या होईना.

उमाकांत पत्रे घेऊन आला. तेवीस भिंतीला टेकवून ठेवले, एक टेम्पोतच ठेवला.

"तो उतरव की," मी म्हणाले.

"पैसे आल्यावर."

"चार दिवसांत देते."

त्यानं मान खाजवली. "ताई, अण्णांच्या गोदामाचं काम माझ्याकडं हाय. तुम्हाला उधार दिलं की माझं ते काम जाईल. मला मधी घालू नका. तेवढ्या जागेत ताडपत्री बांधून देतो."

"एका पत्र्याची जागा उघडी ठेवली तर गारा काय बाकीच्या तेवीस पत्र्यांवरच पडायला बांधील हायत का?" भाभीनं त्याला विचारलं. ताडपत्री मात्र त्यानं टेम्पोतून आधीच काढून ठेवली होती.

माझा एक पत्रा देऊन झाला होता आणि दुसरा घ्यायचा नाही हा नियम आमचाच. गटातल्या कुणाच्याही डब्यात आता काही उरलं नव्हतं. मी निळ्या ऑइलपेंटचा डबा उघडला आणि एकेका पत्र्यावर नाव काढायला बसले. अक्षर माझं वाकडंतिकडं, पण मोठं. रजिया शेख. कुशावर्ता पांचाळ. चतुराबाई हालगे. आपलं नाव एवढं मोठं लिहिलेलं आपण आयुष्यात पहिल्यांदा बघतोय, असं प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं. कुशावर्ताकाकूला तर वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "ह्यातलं माझं कोणतं?" मी दाखवलं. ती जरा वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "लांबडं हाय गं."

तेवढ्यात जीप थांबली. अण्णा उतरले, पत्र्यांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि टेम्पोतल्या पत्र्यावर येऊन थांबले.

"एकच कमी हाय म्हणं," अण्णा म्हणाले.

"हाय," मी म्हणाले.

"घ्या माझ्याकडून. ह्या पत्र्यांवर तुम्ही काय लिवायचं ते लिवा. पाटी तेवढी दारावर. माझं म्हणणं काय वाईट हाय सांगा. होळी आठ दिवसांवर आली, नंदा. हट्टापायी बाराजणींचं साल बुडवू नको."

आठ दिवस ही काही मस्करी नव्हती. माझ्यामागे सगळ्या उभ्या होत्या आणि कुणीतरी 'हो म्हण' असं म्हणेल याची मला भीती वाटत होती. कुणी म्हणालं नाही.

"पैसे द्या अण्णा, घेते," मी म्हणाले. "नियमात बसवून घेते. चोविसाव्या पत्र्यावर तुमच्या आईचं नाव लिहिते. सांगा, काय लिहू?"

अण्णा मोठ्यानं हसले. उमाकांतही हसला, कारण अण्णा हसले होते.

"आमच्या आईचं नाव पत्र्यावर?" अण्णा म्हणाले. "अगं, आमच्या घरच्या बाया असल्या पत्र्याखाली बसून पापड लाटत न्हाईत. त्यांची नावं कशाला लागतात?"

"मग तुमचे पैसे पण नको," मी म्हणाले.

"ताडपत्री चांगली घट्ट बांध रे," अण्णांनी उमाकांतला सांगितलं आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या जेवायला घरी गेल्या होत्या. मी एकटीच शेडमध्ये होते, सांडलेला रंग पुसत. दारात सावली पडली. बघते तर गरडांच्या मोठ्याबाई.

मोठ्याबाई म्हणजे दौलतरावांच्या बायको, अण्णांच्या आई. पंच्याहत्तरीच्या पुढच्या. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्यांना मी लग्नांत पाहिलं होतं, दौलतराव असताना हळदीकुंकवात पाहिलं होतं, पण रस्त्यानं एकट्या चालताना कधी पाहिलं नव्हतं. वाड्यापासून शेडपर्यंत येताना त्यांना सारी बाजारगल्ली ओलांडावी लागली असणार. मी लगबगीनं उठले, पोतं झटकून पुढे टाकलं.

"बसा मोठ्याबाई. पाणी आणू?"

"नको. बसाया आले न्हाई." त्यांनी भिंतीला टेकवलेल्या पत्र्यांकडे पाहिलं. "चोविसावा कोणता हाय?"

"तो टेम्पोत आहे. उमाकांत उद्या परत नेणार."

"नेणार न्हाई." त्यांनी कनवटीला खोचलेली पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. "मोज."

मी सोडून पाहिली. सगळ्या तऱ्हेच्या नोटा होत्या. शंभराच्या, पन्नासच्या, दहाच्या, आणि काही पाच-पाचच्या, इतक्या जुन्या की घडीवर विरलेल्या.

"ही किती वर्षांची ओवाळणी हाय माझ्या भावांची," मोठ्याबाई म्हणाल्या. "तिघं होते. दोघं गेले. गरडांच्या घरातलं ह्यात काई न्हाई. विशूनं उद्या विचारलं तर छाती ठोकून सांग."

"मोठ्याबाई, अण्णांना चालंल का?"

"त्याला विचारून आले न्हाई मी." मग म्हणाल्या, "काल जेवताना हसून सांगत व्हता. नंदा तुझं नाव पत्र्यावर लिवणार व्हती म्हणे, मी न्हाई म्हणलं. सून हसली, नातू हसला. मी भाकरी वाढत व्हते."

मी पैसे मोजले. पंधराशे बरोबर होते, वर वीस रुपये निघाले ते त्यांना परत दिले. मग डबा उघडला, ब्रश बुडवला.

"काय लिहू? श्रीमती सरस्वतीबाई गरड?"

"तू कुठं ऐकलंस सरस्वती?"

"रेशनच्या यादीत पाहिलं होतं."

"लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिवलं, सरस्वती. त्यांच्या घरात ठरलेलं नाव. पण त्या नावानं बी कोणी हाक मारली न्हाई बघ. सासू म्हणायची 'ए पोरी'. हे म्हणायचे 'ऐकलं का'. मग विशूची आई झाले, मग मोठ्याबाई झाले." त्यांनी पदर सारखा केला. "तसलं काई लिवू नको. गोजर लिव्ह."

"गोजर?"

"माझ्या बापानं ठेवलेलं. गोजर."

"पुढं आडनाव काय लिहू? गरड की माहेरचं?"

"काईच नको. गावात दुसरी हाय का कोणी गोजर? मग?"

मी उमाकांतला बोलावून पत्रा उतरवून घेतला. पैसे हातात पडल्यावर तो कुणाचे हे विचारायच्या भानगडीत पडला नाही. मोठ्याबाई तोवर दाराआड उभ्या होत्या. मी नाव काढलं. बाकीच्यांपेक्षा जरा मोठंच काढलं, मुद्दाम. तीनच अक्षरं, त्यामुळे जागा भरपूर होती. मोठ्याबाईंना वाचता येत होतं की नाही मला ठाऊक नाही. त्या जवळ आल्या, ओला रंग बोटाला लागू न देता हवेतच अक्षरांवरून बोट फिरवलं.

"कोणाला सांगू का, तुमचं आहे म्हणून?" मी विचारलं.

"कामून सांगायचं? वाचंल त्यानं विचारावं."

होळीच्या दोन दिवस आधी चोवीसही पत्रे चढले. ताडपत्री उमाकांतनं परत नेली. कामाला सुरुवात झाली, मशीन घरघरायला लागलं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मोठ्याबाई हातात स्वतःचं लाटणं घेऊन आल्या. वाड्यावरून निघताना देवळात जाते म्हणून सांगायच्या. अण्णा सकाळी तालुक्याला गेले की यायच्या आणि त्यांची जीप परतायच्या आत निघायच्या. बसायच्या मात्र एकाच जागी, उजव्या कोपऱ्यात, बरोबर आपल्या पत्र्याखाली. पापड असा लाटायच्या की कड आणि मध्य सारखा. रजियाभाभीनं पहिल्या दिवशी त्यांची मजुरी काढून हातावर ठेवली. मोठ्याबाईंनी ती घेतली आणि दोनदा मोजली.

चैत्र लागून आठवडा झाला असेल. दुपारी तीनच्या सुमाराला उन्हाला पिवळट रंग आला आणि वारा एकदम पडला. आम्ही बाहेर वाळत घातलेले पापड पळत जाऊन आत आणले. पहिली गार पत्र्यावर पडली तेव्हा आवाज असा झाला की दोघीजणी किंचाळल्या. मग काही ऐकूच येईना. सगळ्या वर बघत होतो. पत्रा फाटेल, आता फाटेल, असं वाटत होतं. पोचे पडताना खालून दिसत होते. कुशावर्ताकाकू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. भाभीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ दिसत होते.

तेवढ्यात डोक्यावर घमेलं धरून एक माणूस दारातून आत घुसला. विश्वंभरअण्णा. त्या दिवशी ते लवकर परतले होते. जीपची काच फुटली होती, खांद्यावर मार बसला होता, आणि जवळ आमच्या शेडशिवाय दुसरा आडोसा नव्हता. मी त्यांना हातानं खूण केली, आत या. पाहुण्याला दारात उभं ठेवायची आमच्यात रीत नाही, मग तो कुणीही असो. अण्णा मध्यभागी घमेलं धरून उभे राहिले. वर छप्पर असूनही त्यांनी ते डोक्यावरून काढलं नव्हतं.

दहा मिनिटांत सगळं थांबलं. बाहेर सगळं अंगण पांढरं दिसत होतं. आत एक थेंबही नव्हता. कुणीतरी हसायला लागलं, मग सगळ्याच. भाभीनं लाटणं वर करून पत्र्याकडे दाखवलं आणि ओरडली, "पोचे बघा, पोचे! भोक एक बी न्हाई!"

अण्णांनी तेव्हा कुठे घमेलं खाली घेतलं. आपण कुठे उभे आहोत ते त्यांच्या लक्षात आलं असावं. वाचवलं कुणी, तर आम्ही, हे काही त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी मान वर केली आणि खोट शोधावी तसं एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले.

"रजिया शेख. बरं. कुशावर्ता. बरं, बरं. ही मास्तरची आई. ही नर्सबाई." ते वाचत वाचत कोपऱ्याकडे सरकले. तिथे दहाबाराजणी पदर डोक्यावर घेऊन दाटीवाटीनं बसल्या होत्या. अण्णांची नजर वरच होती. "आणि ही कोण? गोजर?"

गोजर कोण, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. वाचंल त्यानं विचारावं, असं मला सांगितलेलं होतं, आणि ते विचारत होते.

"कोणाला विचारायलोय मी?" अण्णांचा आवाज चढला. "या नावाची बाई आपल्या गावात न्हाई. आडनाव न्हाई, काई न्हाई. बाहेरच्या कुणाचा पैसा लावला का, नंदा? कोण हाय ही? गोजर कोण हाय?"

"ओ," कोपऱ्यातून आवाज आला.

अण्णांनी मान खाली केली. मोठ्याबाईंनी पदर कपाळावरून मागे सारला होता. हाताला कोपरापर्यंत पीठ होतं. पोळपाटावरचा पापड अर्धा लाटून झाला होता, आणि लाटणं अजून फिरतच होतं.